मराठी विचारविश्वातील अमेरिका : फुले ते आंबेडकर आणि राहून गेलेले एक प्रकरण

प्रस्तावना

अमेरिकेची संस्कृती, इतिहास आणि समाज हा आपल्या विद्यापीठांतील चर्चासत्रांचा एक रूढ विषय आहे. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात १९६४ मध्ये अमेरिकाविषयक अभ्यासाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे अनेक वर्षे त्या केंद्राच्या ग्रंथालयाने भारतातील इंग्रजी, इतिहास आणि राज्यशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांना मोठे साहाय्य केले. अमेरिकेच्या इतिहासाची प्रश्नपत्रिकाही अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आली. वसाहती, स्वातंत्र्ययुद्ध, संविधान, यादवी युद्ध, अब्राहम लिंकन, दोन महायुद्धे या क्रमाने ती शिकवली जाते आणि त्याच क्रमाने विद्यार्थी ती लिहितात.

तथापि अमेरिका हा विषय मराठीत विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातून आलेला नाही. विद्यापीठात या विषयाचा विभाग निघण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे मराठी विचारवंत अमेरिकेचा इतिहास वाचत होते. त्यांचे हे वाचन परीक्षेसाठी नव्हते. आपल्या समाजाचा एखादा प्रश्न उलगडावा, त्याला नाव देता यावे यासाठी ते होते. महात्मा जोतीराव फुले, पंडिता रमाबाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दलित पँथरची पिढी ही या वाचनाची चार ठळक ठिकाणे होत. या परंपरेतून मराठी समाजाला काय मिळाले आणि तिच्यातील कोणते प्रकरण अर्धवट राहिले याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे राहून गेलेले प्रकरण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे आहे. सिंदेवाहीसारख्या ठिकाणाहून, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतून पाहिले असता ते सर्वात जवळचे वाटते.

कापसाच्या वाटेने आलेली अमेरिका

विचाराच्या आधी अमेरिका विदर्भात आली ती कापसाच्या भावातून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला. इंग्लंडची नजर साहजिकच मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्याकडे वळली. वर्धा खोऱ्यातील हिंगणघाटचा कापूस लांब धाग्यासाठी आधीपासून नावाजलेला होता. युद्धाच्या चार वर्षांत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले आणि मुंबईत सट्ट्याचे पीक आले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या.

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. या मार्गाची आखणी युद्धापूर्वीची असली तरी कापसाच्या टंचाईने त्याची निकड वाढवली, हे मान्य करावे लागते. रेल्वेला लोहमार्गाखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते आणि त्यासाठी सागवान हवे होते. १८६४ मध्ये इंग्रज सरकारने वनखाते उभारले, १८६५ मध्ये पहिला वन कायदा केला आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा आणला. दुसऱ्या कायद्याने जंगलाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी वर्गवारी केली. राखीव जंगलात सरकारने स्पष्टपणे मान्य केलेल्या हक्कांखेरीज दुसरे हक्क उरले नाहीत. ज्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात गोंड, माडिया, माना, हलबा हे समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्या जंगलालाही या कायद्यांच्या चौकटीत यावे लागले. मिसिसिपीच्या काठचा कापूस आणि वैनगंगेच्या काठचे जंगल असे एका बाजारपेठेत जोडले गेले होते. ही साखळी आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच एकत्र मांडलेली दिसते.

‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

कापसाचे भाव कोसळल्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहिलेला आहे. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी ज्या अमेरिकनांनी निःस्वार्थपणे झीज सोसली, त्या सदाचारी लोकांना तो अर्पण केलेला आहे. त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांना दास्यातून सोडवण्यासाठी गिरवावा, अशी अपेक्षाही अर्पणपत्रिकेत आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

फुले यांना अमेरिकेची ओळख दोन वाटांनी झाली. थॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी तरुणपणीच, १८४७ च्या सुमारास वाचला होता. दुसरी वाट मिशनऱ्यांची होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईत आले. या मिशनने मुलींच्या शाळा काढल्या आणि १८४२ पासून अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ चालवले. मिस फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहूनच फुले यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार दृढ झाला.

या अर्पणपत्रिकेचे ऐतिहासिक महत्त्व तिच्यातील तुलनेत आहे. जातीच्या दास्याला ‘गुलामगिरी’ म्हणताच धर्माच्या नावाने चालत आलेली व्यवस्था मानवी इतिहासातील एक अन्यायव्यवस्था ठरली. अमेरिकेत जी मोडली ती येथेही मोडता येईल, असा तिचा गर्भितार्थ होता. मात्र इतिहासाचा अभ्यासक म्हणून एका मर्यादेकडेही लक्ष वेधले पाहिजे. अर्पणपत्रिकेत मुक्तीचे श्रेय गोऱ्या सज्जनांकडे जाते. आजचे इतिहासलेखन सांगते की यादवी युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले, आणि मळे सोडून पळालेल्या हजारो गुलामांनीच हे युद्ध गुलामीविरोधी बनवण्यास हातभार लावला. शिवाय १८७७ मध्ये पुनर्रचनेचे पर्व संपले आणि दक्षिणेत वंशभेदाचे कायदे पुन्हा उभे राहिले. १८७३ मध्ये पुण्यात बसून लिहिणाऱ्या फुल्यांना हे पुढचे दिसणे शक्य नव्हते.

‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेत आणखी एक तुलना आहे. तिच्याकडे मात्र आपले लक्ष फारसे गेलेले नाही. युरोपीय वसाहतकारांनी अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर तेथील इंडियनांवर जे अत्याचार केले, तसेच येथे आर्यांच्या आगमनानंतर मूळ रहिवाशांवर झाले, असे फुले तेथे म्हणतात. आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धान्त आज त्या रूपात कोणी मांडणार नाही. पण अमेरिकेच्या इतिहासात गुलामांच्या बरोबरीने आणखी एक पीडित समूह आहे आणि त्याची कथा भूमी गमावण्याची आहे, हे मराठी ग्रंथकाराने १८७३ मध्येच नोंदवले होते. आपल्या विषयाचा धागा येथे सुरू होतो.

रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

फुल्यांनी अमेरिका वाचली, पंडिता रमाबाईंनी ती पाहिली. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. रमाबाई मात्र १८८८ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत हिंडल्या, व्याख्याने दिली आणि शाळा पाहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियात निघाले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती.

१८८९ मध्येच ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. नावात प्रवासवृत्त असले तरी ग्रंथाचे स्वरूप समाजशास्त्रीय आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्म, व्यापार आणि विशेषतः स्त्रियांची स्थिती यांचे पद्धतशीर वर्णन त्यात आहे. राजाविना चालणारे राज्य आणि पुरुषांच्या परवानगीविना चालणाऱ्या स्त्रियांच्या संस्था या दोन गोष्टींनी रमाबाई भारावल्या होत्या. इंग्रजांच्या अमलाखाली राहणाऱ्या मराठी वाचकाला अशा देशाचे वर्णन ऐकवणे ही त्या काळी राजकीय कृतीच होती.

परंतु त्यांनी डोळे मिटून स्तुती केली नाही. स्त्रियांना मताधिकार नाही, कृष्णवर्णीयांना समान वागणूक मिळत नाही, आणि ज्या भूमीवर हे प्रजासत्ताक उभे आहे ती मूळ रहिवाशांकडून अन्यायाने घेतलेली आहे, याची जाणीव त्यांच्या ग्रंथात आहे. १८८९ हे वर्ष येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दोन वर्षांपूर्वी, १८८७ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने डॉज कायदा संमत केला होता. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर १८९० रोजी, वूंडेड नी येथे अमेरिकन लष्कराने लकोटा समाजाच्या शेकडो स्त्री-पुरुष-बालकांची हत्या केली. रमाबाई ज्या काळात अमेरिकेत होत्या, तो मूळ रहिवाशांच्या पराभवाचा अखेरचा काळ होता.

ग्रंथाच्या पुढच्या वाचकांनी त्यातून स्त्रीशिक्षण घेतले आणि लोकसत्ताक राज्याची कल्पना घेतली. मूळ रहिवाशांचा भाग मात्र पानांतच राहिला.

कोलंबिया ते संविधान सभा

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला, तो मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. मराठी मनुष्याच्या एका विद्यापीठीय निबंधाने इतका दूरगामी परिणाम केल्याची दुसरी उदाहरणे फार थोडी आहेत. आणखी एक तपशील येथे नोंदवला पाहिजे. गोल्डनवायझर हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे, विशेषतः इरोक्वॉय समाजाच्या कुळव्यवस्थेचे आणि कुळचिन्हांचे अभ्यासक होते. जातीवरील हा निबंध ज्या वर्गात वाचला गेला, त्या वर्गाच्या अध्यापकाचे संशोधनक्षेत्र अमेरिकेतील आदिवासी समाज हे होते.

बाबासाहेबांच्या लेखनात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा संदर्भ पुढे वारंवार येतो. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची त्यांनी काटेकोर तुलना केली. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी असतो, अस्पृश्याच्या बाबतीत तेवढाही नसतो, हा त्यांचा युक्तिवाद फुल्यांच्या तुलनेपुढे एक पाऊल टाकणारा आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रारअर्ज गेल्याचे समजताच त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. डुबॉइस यांचे उत्तर त्याच वर्षीच्या जुलैअखेरचे आहे. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा प्रसंग सप्टेंबर १९४९ मधील आहे. संविधान सभेत सहाव्या अनुसूचीवर चर्चा चालू होती. आसाममधील आदिवासी क्षेत्रांना स्वायत्त जिल्हा परिषदा देण्यास काही सदस्यांचा विरोध होता. त्यांना उत्तर देताना बाबासाहेबांनी अमेरिकेतील रेड इंडियनांचा दाखला दिला. आसाममधील आदिवासींची स्थिती गोऱ्या स्थलांतरितांच्या समोर असलेल्या रेड इंडियनांसारखी आहे, अमेरिकेने त्यांच्यासाठी राखीव प्रदेश आखले आणि त्या हद्दीत ते जणू स्वतःचे प्रजासत्ताक चालवतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. इतर प्रांतांतील आदिवासी मात्र आजूबाजूच्या हिंदू समाजाशी बरेचसे मिसळलेले असल्याने त्यांच्यासाठी वेगळी, म्हणजे पाचव्या अनुसूचीची, व्यवस्था पुरेशी आहे असे त्यांनी प्रतिपादन केले.

या विवेचनाचा चांदा जिल्ह्याशी थेट संबंध आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग आणि चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावे पाचव्या अनुसूचीखाली येतात. स्वायत्त परिषदेऐवजी राज्यपालांचे विशेषाधिकार आणि सल्लागार परिषद अशी ही रचना आहे. सहाव्या आणि पाचव्या अनुसूचींमधील सीमारेषा समजावताना अमेरिकेचा इतिहास पुरावा म्हणून वापरला गेला, आणि आपला प्रदेश त्या रेषेच्या अलीकडे राहिला.

त्या काळातील विद्वानांचा वादही याच प्रश्नाभोवती होता. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगा समाजावरील ग्रंथात आदिवासींसाठी संरक्षित प्रदेश असावा असे सुचवले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्याला विरोध करून आदिवासी हे मागासलेले हिंदूच होत असे मांडले. बाबासाहेबांचे विधान या वादाच्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. राखीव प्रदेशांचे त्यांनी केलेले वर्णन स्वायत्ततेवर भर देणारे होते. त्या प्रदेशांच्या आत जमिनीचे काय झाले, हा प्रश्न त्या चर्चेत आला नाही.

पँथर आणि कृष्णवर्णीयांचे साहित्य

१९६६ मध्ये अमेरिकेत ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने हे नाव विचारपूर्वक निवडले. औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे आणि ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा घडवून आणली. अमेरिकन कृष्णवर्णीय साहित्याचा मराठी वाचकांना साक्षेपी परिचय करून देण्याचे काम डॉ. जनार्दन वाघमारे यांनी केले. गुलामीतून मुक्त झालेल्या माणसाने स्वतःच्या शब्दांत स्वतःची कथा सांगणे हा या तुलनेचा गाभा होता. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेतील उणीव येथे शंभर वर्षांनी भरून निघाली, कारण मुक्तीचे श्रेय आता मुक्त होणाऱ्याकडे आले.

याच सुमारास अमेरिकेत दुसरी चळवळ उभी राहत होती. १९६८ मध्ये मिनियापोलिस येथे अमेरिकन इंडियन मूव्हमेंट ही संघटना स्थापन झाली. नोव्हेंबर १९६९ ते जून १९७१ या काळात मूळ रहिवाशांच्या तरुणांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळील अल्कॅट्राझ बेट ताब्यात ठेवले. १९७३ मध्ये त्यांनी वूंडेड नी गावावर ७१ दिवस ठाण मांडले. दलित पँथरच्या मराठीत जो प्रतिसाद कृष्णवर्णीयांच्या चळवळीला मिळाला, तसा या चळवळीला मिळाला नाही. याचे कारण शोधणे कठीण नाही. मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर ही त्या वेळच्या मराठी वैचारिक जीवनाची केंद्रे होती. वंश आणि जात यांची तुलना तेथे अनुभवातून उमगत होती. जमीन आणि जंगल यांची तुलना ज्या प्रदेशात उमगली असती, तेथे त्या काळी महाविद्यालये नुकती कुठे निघत होती. स्वतंत्र गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये आणि गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये अस्तित्वात आले.

राहून गेलेले प्रकरण

हे प्रकरण थोडक्यात असे आहे. १८३० मध्ये अमेरिकन काँग्रेसने इंडियनांना मिसिसिपीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. चेरोकी समाजाने स्वतःची लिपी, वृत्तपत्र आणि संविधान घडवले होते. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही त्यांच्या बाजूने लागला. तरीही १८३८-३९ च्या हिवाळ्यात त्यांना लष्कराच्या पहाऱ्यात शेकडो मैल चालत नेण्यात आले. सुमारे सोळा हजारांपैकी अंदाजे चार हजार माणसे त्यात दगावली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकारांना प्रत्येकी १६० एकर जमीन देऊ केली. १८६८ च्या करारात ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश लकोटांकडे कायम राहील असे वचन दिले गेले, १८७४ मध्ये तेथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये तो काढून घेण्यात आला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अन्यायाची भरपाई म्हणून व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मान्य केली. लकोटांनी ती नाकारली. त्यांना पैसा नको होता, भूमी हवी होती.

सर्वात दूरगामी घाव १८८७ च्या डॉज कायद्याने घातला. समाजाच्या सामायिक मालकीची जमीन कुटुंबवार तुकड्यांत वाटून द्यावी आणि उरलेली गोऱ्यांसाठी खुली करावी, असे त्याचे स्वरूप होते. वैयक्तिक मालकीमुळे इंडियन मनुष्य सुधारेल अशी समर्थकांची धारणा होती. १८८७ मध्ये या समाजांकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ मध्ये हे धोरण थांबले तेव्हा ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली होती. १८९३ मध्ये शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी आपला सीमाप्रदेशाचा सिद्धान्त मांडला. पश्चिमेकडील मोकळ्या जमिनीने अमेरिकन लोकशाही घडवली, असे त्याचे सार आहे. त्याच वर्षी, त्याच शहरात सर्वधर्मपरिषद भरली होती, ती आपल्याला ठाऊक असते. टर्नर यांचा सिद्धान्त आपण वर्गात शिकवतो. परंतु जमीन ‘मोकळी’ कोणाच्या दृष्टीने होती, हा प्रश्न विचारायचे राहून जाते.

चांदा जिल्ह्याचा ताळा

हाच प्रश्न चांदा जिल्ह्याला लावून पाहता येतो. गोंड राजांचे चांदा राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांकडे. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आले. त्यानंतरच्या दशकात मध्य प्रांतात जमाबंदी झाली आणि महसूल गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक ठरवण्यात आले. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी परिसरातील तलाव आजही ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जातात, ती या व्यवस्थेची खूण होय. गावाबाहेरचे जंगल सरकारी झाले. सरपण, बांबू, चराई, मोहफूल यांवरील गावकऱ्यांचा वापर ‘निस्तार’ या शब्दाखाली नोंदला गेला. जे पिढ्यान्‌पिढ्या हक्क म्हणून चालत आले होते, ते सवलत म्हणून कागदावर उतरले.

तुलनेत साम्याइतकेच भेद महत्त्वाचे असतात. अमेरिकन सरकारने १८७१ पर्यंत इंडियन समाजांशी करार केले. ते मोडले गेले, पण करार झाले म्हणूनच १९८० मध्ये न्यायालयात उभे राहता आले. गोंड गावांशी इंग्रजांनी जंगलाबाबत असा करार केला नाही. त्यामुळे येथील लढा कराराच्या आधारे न लढता कायद्याच्या, वहिवाटीच्या आणि संविधानाच्या आधारे लढावा लागला. दुसरा भेद संख्येचा आहे. अमेरिकेतील मूळ रहिवासी रोगराई, युद्ध आणि विस्थापन यांनी अत्यल्पसंख्य झाले. गडचिरोलीत आदिवासी समाज आजही मोठ्या संख्येने आपल्या गावी आहे, आपली भाषा बोलतो आहे आणि मतदान करतो आहे. तिसरा भेद असा की येथे आदिवासींच्या समोर उभा असलेला ‘बाहेरचा’ मनुष्य अनेकदा स्वतःही गरीब शेतकरी किंवा दलित असतो. म्हणून अमेरिकेचे चित्र जसेच्या तसे येथे बसवणे ही इतिहासाची चूक ठरेल.

राष्ट्रीय उद्यानांची कल्पनाही आपण अमेरिकेकडून घेतली. १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि तेथे शिकारीला, कंदमुळांना येणाऱ्या मूळ रहिवाशांना हळूहळू दूर करण्यात आले. निर्मनुष्य अरण्य हे तेथे निसर्गाने दिलेले नव्हते, ते धोरणाने तयार केलेले होते. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्यातील बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारख्या गावांचे पुनर्वसन हा याच कल्पनेचा पुढचा अध्याय होय. वाघ वाचला पाहिजे याविषयी दुमत नाही. मात्र माणूस हलवल्याशिवाय अरण्य राहत नाही, हे गृहीतक कोठून आले याचा इतिहास तरी आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावा.

उलट दिशेने गेलेले एक गाव

या तुलनेचा शेवट मात्र निराशेत होत नाही. १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या उद्देशिकेतच मान्य केले. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. २०१३ मध्ये या गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपली खाजगी शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला.

डॉज कायद्याने सामायिक जमिनीचे खाजगी तुकडे केले होते. मेंढा-लेखाने खाजगी तुकडे पुन्हा सामायिक केले. अमेरिकेच्या इतिहासातील एका मोठ्या चुकीच्या नेमकी उलट दिशा सिंदेवाहीपासून काही तासांच्या अंतरावरील एका छोट्या गावाने स्वतःच्या विचाराने धरली. जगाच्या इतिहासात नोंद व्हावी अशी ही घटना आहे आणि अमेरिका शिकणाऱ्या वर्गातच तिचा पूर्ण अर्थ उलगडतो.

निष्कर्ष

फुले यांनी अमेरिकेकडून गुलामीचे नाव घेतले, रमाबाईंनी स्त्रीच्या स्वातंत्र्याचा नमुना घेतला, आंबेडकरांनी लोकशाहीची तत्त्वमीमांसा आणि अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे दाखले घेतले, पँथरने आत्मकथनाचा आवाज घेतला. या प्रत्येकाने अमेरिका वाचली ती आपल्या प्रश्नाच्या उजेडात. १८७३, १८८९ आणि १९४९ या तीन टप्प्यांवर मूळ रहिवाशांचा उल्लेखही झाला. परंतु तो उल्लेखच राहिला, त्याचे प्रकरण झाले नाही. ज्या प्रदेशाला तो सर्वाधिक लागू होता त्या प्रदेशाकडे तेव्हा लेखणी नव्हती, हे त्याचे प्रमुख कारण होय.

ती स्थिती आता उरलेली नाही. आपल्या वर्गात गोंड, माना, हलबा, माडिया घरांतील मुले-मुली बसतात. त्यांच्या आजोबांच्या पेटीत निस्ताराचे आणि वनहक्काच्या दाव्याचे कागद आहेत. अमेरिकेच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत चेरोकी आणि लकोटा यांचे एक घटक-प्रकरण असावे, आणि त्यासोबत विद्यार्थ्याने आपल्या गावाच्या जमिनीचा आणि जंगलाचा कागदोपत्री इतिहास लिहावा, एवढी सूचना येथे करावीशी वाटते. अमेरिकेवरील पुढचे चर्चासत्र सिंदेवाही, धानोरा किंवा भामरागड येथे भरले तर त्यात विपर्यस्त काही नसेल. दीडशे वर्षांपूर्वी फुल्यांनी प्रस्तावनेत लिहिलेल्या एका वाक्याचे उत्तर देण्याची ती योग्य जागा ठरेल.